परसातली शेड: स्वतः बांधायची की तयार आणायची?

घरामागे मोकळी जागा असली की सामान तिथे आपोआप जमतं. कुदळ-फावडं, पाण्याचा पाइप, शिडी, सायकली, रंगाचे अर्धे राहिलेले डबे, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या फरश्या. मग एक शेड हवी असं वाटायला लागतं आणि पहिला प्रश्न उभा राहतो: तयार विकत घ्यावी की स्वतः बांधावी? बहुतेक जण तयार शेडची किंमत एका बाजूला आणि लाकूड-पत्र्याचा खर्च दुसऱ्या बाजूला लिहितात, आणि जो आकडा लहान तो निवडतात.

या हिशेबात एक मोठी गोष्ट सुटते. तयार शेड विकणारा तुम्हाला चौथऱ्याच्या वरचा भाग विकतो. जमीन सपाट करणं, पाण्याला वाट देणं, पाया घालणं आणि वाऱ्याने हलू नये म्हणून शेड जखडणं ही कामं दोन्ही पर्यायांत तुमच्याच गळ्यात असतात. आणि शेड पंधरा वर्षं उभी राहते की तिसऱ्या वर्षी तिचा तळ सडतो, हे बहुतेक वेळा याच कामांवर ठरतं. म्हणून मी नवख्यांना क्रम बदलायला सांगतो. आधी सामान, मग जागा, मग पाया. बांधणं की विकत घेणं हा प्रश्न त्यानंतर. तोपर्यंत त्याचं उत्तर बऱ्याचदा समोर आलेलं असतं.

पायरी १: सामान बाहेर काढा आणि जमिनीवर मांडा

कागदावर अंदाज बांधू नका. शेडमध्ये जे जे जाणार ते सगळं अंगणात आणा आणि आत जसं ठेवाल तसंच मांडा. भिंतीला लागून काय, कोपऱ्यात काय, रोज लागणारं दाराजवळ. मध्ये माणसाला वाकून वस्तू उचलता येईल एवढी, म्हणजे निदान अडीच फुटांची वाट सोडा. मग सगळ्याभोवती दोरी फिरवून लांबी-रुंदी मोजा. हा आकडा जवळजवळ नेहमी मनातल्या आकड्यापेक्षा मोठा निघतो, कारण मनात आपण वाट धरलेली नसते.

आता सगळ्यात आडमुठी वस्तू शोधा. सायकल साधारण पावणेसहा ते सहा फूट लांब असते आणि हँडलपाशी दोन फुटांहून जास्त रुंद. हातगाडी किंवा गवत कापायचं यंत्र असेल तर त्याची रुंदी घ्या. दार या वस्तूपेक्षा निदान सहा इंच जास्त रुंद हवं. अडीच फुटांच्या दारातून यंत्र तिरकं करून आत न्यावं लागत असेल, तर महिन्याभरात ते बाहेरच राहायला लागतं. दाराच्या उंबऱ्याकडेही लक्ष द्या. पत्र्याच्या अनेक तयार शेडमध्ये सरकत्या दाराची खालची पट्टी जमिनीपासून इंच-दीड इंच वर असते आणि चाकाची प्रत्येक वस्तू तिथे अडते. उतरती फळी लावली की प्रश्न सुटतो, पण त्या फळीसाठी दारासमोर जागा ठेवावी लागते.

विक्रेते जे माप सांगतात ते अनेकदा छताच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचं असतं. ‘८ बाय ६’ म्हणून विकलेल्या शेडची आतली जागा त्याहून कित्येक इंच कमी भरू शकते. उंचीचंही तसंच. आढ्याखाली सहा फूट असेल, पण कडेच्या भिंतीपाशी पाचच. उभी शिडी आणि लांब दांड्याची अवजारं भिंतीलाच टेकवायची असतात, त्यामुळे कडेची उंची विचारा. आतलं माप लेखी घ्या.

या पायरीवरच काही गोष्टी वेगळ्या काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत साचते. पेट्रोल ठेवणं भागच असेल तर थोडंच, त्यासाठीच बनवलेल्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा आणि शेडला तळाशी हवेच्या जाळ्या असू द्या. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये लिथियमच्या बॅटऱ्या ठेवू नका, त्या घरात सावलीत ठेवा. कागद, गाद्या आणि कपडे कोणत्याही साध्या शेडमध्ये टिकत नाहीत. त्यासाठी शेड हवी असेल तर तुम्हाला खरं तर एक लहानशी खोली हवी आहे, आणि त्या कामाचा आवाका वेगळा आहे.

पायरी २: जागा वाचा

जोराचा पाऊस पडून गेला की अर्ध्या तासाने मागे जाऊन उभे राहा. पाणी कुठे साचलंय, कुठून वाहतंय, कुठल्या कोपऱ्यात चिखल सगळ्यात उशिरा सुकतो, ते पाहा. लोक शेडसाठी नेमका तोच कोपरा निवडतात, कारण तो दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नसतो. तो टाळा. टाळता येत नसेल तर पाया उचलून घ्यायची तयारी ठेवा.

कुंपणाची भिंत आणि शेड यांच्यात माणूस आडवा शिरेल एवढी, निदान दोन फूट जागा सोडा. मागच्या पत्र्याला गंज चढला, स्क्रू निघाला, वाळवीचा माग दिसला, तर तिथे हात पोचला पाहिजे. चिकटून उभ्या केलेल्या शेडची मागची भिंत तुम्हाला पुन्हा कधीच दिसत नाही. झाडाखालची जागा सावलीसाठी मोहक वाटते, पण छतावर पानं साठून ओल धरते, फांदी पडते आणि मुळं पाया उचलतात. जमिनीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी, विजेची केबल, शोषखड्ड्याचं झाकण जात असेल तर त्यावर शेड नको. खणण्याआधी हे शोधून काढा.

नियमांचं आत्ताच विचारून घ्या. ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात: हद्दीपासून किती अंतर सोडायचं, उंची किती, किती क्षेत्रफळापर्यंत परवानगी लागत नाही. घर सोसायटीत असेल तर सोसायटीचेही नियम असतात. तयार शेड म्हणजे ‘बांधकाम’ नव्हे, म्हणून तिला काही लागू होत नाही, असा समज सर्रास आढळतो. बऱ्याच ठिकाणी नियम आकार आणि अंतर पाहतात, शेड कुठून आली ते पाहत नाहीत. उत्तर लेखी मिळालं तर फारच चांगलं.

मग उतार मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, दोन टोकं दोन खुंट्यांना धरा. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, तिथे खूण करा आणि प्रत्येक खुणेपासून जमीन किती खाली आहे ते मोजा. शेडच्या लांबीत तीन-चार इंचांचा फरक असेल तर कुठलाही पर्याय चालेल. फरक फुटाच्या वर गेला तर तराजू स्वतः बांधण्याकडे झुकतो. तयार शेडला पूर्णपणे सपाट तळ लागतो, आणि उतारावर तो तयार करायचा म्हणजे एका बाजूला खणणं, दुसऱ्या बाजूला भर घालून ती थोपवणारी भिंत घालणं आलं. स्वतः बांधताना खालचे खांब कमी-जास्त उंचीचे करून तोच प्रश्न सोडवता येतो.

शेवटचं, वाट. संपूर्ण जोडलेली शेड ट्रकवरून येणार असेल तर फाटकाची रुंदी, वळण, वरून जाणाऱ्या तारा, झुकलेल्या फांद्या हे सगळं मोजा. घराच्या बाजूची बोळ तीन फुटांचीच असेल तर जोडलेली शेड आत येणार नाही, एवढ्यावरच तो पर्याय बाद होतो. सुट्या भागांचं किट मात्र बोळातून जातं.

पायरी ३: पाया

या पायरीवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगतो. घाई इथेच होते, आणि नंतर दुरुस्त करायला सर्वात अवघड भागही हाच.

वरची काळी, मुळांची माती आधी काढून टाका. तिच्यातला पालापाचोळा कुजत जातो तशी ती बसते आणि शेड एका कोपऱ्यात खचते. खालची घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. साधारण चार ते सहा इंच पुरतात.

लहान आणि मध्यम शेडसाठी खडीचा पाया मला सर्वात पटतो. खणलेल्या जागेत जाड विणीचं, पाणी झिरपू देणारं कापड पसरा, त्यावर चार ते सहा इंच खडी. ती एकदम ओतू नका. तीन-तीन इंचांचे थर करा आणि प्रत्येक थर धुम्मसाने किंवा भाड्याच्या कंपन यंत्राने ठोकून बसवा. वरवर ठोकलं तर वरचा थर घट्ट दिसतो आणि खालचा सैलच राहतो. खडीचा पट्टा शेडपेक्षा सगळ्या बाजूंनी फूटभर मोठा ठेवा. छतावरून पडणाऱ्या पाण्याची धार मग मातीवर न पडता खडीत मुरते आणि चिखल उडून भिंतीला लागत नाही. लाकडी भिंतीचा खालचा हातभर भाग आधी का सडतो, याचं कारण हे उडणारं पाणीच असतं.

जड यंत्रं ठेवायची असतील किंवा पत्र्याची तळ नसलेली शेड बसवायची असेल तर काँक्रीट बरं. जाडी चार इंच, खाली ठोकलेली खडी, आणि दोन्हींच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद. हा कागद लोक वाचवतात आणि मग आतली जमीन कायम दमट राहते. ओतल्यानंतर निदान सात दिवस पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवा. त्याची ताकद साधारण २८ दिवसांनी धरली जाते, तेव्हा जड सामान लगेच चढवू नका. काँक्रीटच्या बाबतीत खडीच्या उलट नियम लक्षात ठेवा: चौथरा शेडच्या मापाचाच करा. मोठा केला तर भिंतीबाहेर उरलेल्या कडेवर पाऊस पडतो आणि ते पाणी भिंतीच्या खालच्या फटीतून आत शिरतं. मोठा झालाच असेल तर बाहेरच्या कडेला बाहेरच्या बाजूने उतार द्या.

चौकोन खरंच काटकोनात आहे का ते कर्णांनी तपासा. ८ बाय ६ फुटांच्या आयताचा कर्ण बरोबर १० फूट भरतो. दोन्ही कर्ण सारखे आले की कोपरे काटकोनात आहेत. एक कर्ण इंचभर मोठा असेल तर काम थांबवा. तयार किटमध्ये भोकं कारखान्यातच पाडलेली असतात. तळ तिरका असला की भिंतीची भोकं एकमेकांसमोर येत नाहीत, माणसं ओढून-ताणून स्क्रू घालतात आणि मग दार लागत नाही. दोष किटला दिला जातो, पण तो पायात असतो.

आता वारा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाइतका असतो. ८ बाय ६ च्या शेडचं छत कडा धरून पाच चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे हा जोर दोनशे किलोच्या वर पोचतो. दार उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा छताला खालूनही ढकलतो. हलक्या पत्र्याच्या किटचं वजन अनेकदा १०० किलोच्याही आत असतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ‘आत सामान आहे, कुठे उडते’ हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही, कारण सामान जमिनीवर असतं आणि वारा छताला उचलतो. काँक्रीट असेल तर चारी कोपऱ्यांना आणि मध्ये विस्तारणारे बोल्ट ठोका. खडीवर शेड असेल तर जमिनीत खोल फिरवून घालायचे नांगर-स्क्रू किंवा कोपऱ्यांत काँक्रीटमध्ये पुरलेले लोखंडी पाय वापरा. हे जखडायचं सामान किटमध्ये येतंच असं नाही.

पायरी ४: तयार शेड बघताना

बाजारात मुख्यतः पत्रा, प्लास्टिक आणि लाकूड असे तीन प्रकार मिळतात.

पत्रा स्वस्त, वाळवीला दाद न देणारा. यात दोन आकडे विचारा: पत्र्याची जाडी आणि जस्ताच्या मुलाम्याचं वजन. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. गेजमध्ये सांगितली तर लक्षात ठेवा की गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. पाव मिलिमीटरचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो. अर्धा मिलिमीटर असेल तर शेड शेडसारखी वागते. मुलामा दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते सांगितलं जातं. १२० पेक्षा २७५ ग्रॅमचा मुलामा कितीतरी जास्त काळ गंज रोखतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत या आकड्याला फार महत्त्व आहे.

पत्र्याच्या शेडबद्दल सर्वात जास्त तक्रार येते ती ‘छत गळतं’ अशी. पुष्कळदा ते गळत नसतं. निरभ्र रात्री पत्रा उष्णता बाहेर टाकत भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि आतल्या दमट हवेतली वाफ त्याच्या खालच्या बाजूला थेंब होऊन जमते. पहाटे ते थेंब सामानावर पडतात. पाऊस नसतानाही सकाळी सामान ओलं दिसलं तर समजा की गळती नाही, दव आहे. अशा वेळी सांधे भरण्यात पैसे घालवू नका. समोरासमोरच्या भिंतींत जाळ्या बसवा म्हणजे हवा आरपार वाहील, पत्र्याखाली उष्णतारोधक थर चिकटवा आणि जमिनीतून येणारी ओल थांबवा.

प्लास्टिक गंजत नाही, सडत नाही, पुसलं की स्वच्छ. पण ते तापमानाने फार फुगतं. आठ फुटांची भिंत ३० अंशांच्या फरकाने सुमारे सेंटीमीटरभर लांब-आखूड होऊ शकते, पोलादाची तेवढीच भिंत मिलिमीटरभर. सकाळी लागणारं दार दुपारी अडकतं ते याच कारणाने. भिंतीवर जड फळ्या टांगता येत नाहीत, त्यासाठी आत स्वतंत्र मांडणी उभी करावी लागते. अतिनील किरणांपासून संरक्षण आहे असं लिहिलेलंच घ्या.

लाकडी तयार शेड दिसायला सुंदर. तिच्यात खाली वाकून बघा. जमिनीला टेकणारी लाकडं कुठली आहेत, त्यांवर औषधप्रक्रिया झालेली आहे का, जमिनीची फळी किती जाड आहे. भिंतींना पॉलिश छान असतं, आणि तळाला पातळ प्लाय.

कुठलीही घ्या, विक्रेत्याला एवढं नक्की विचारा: तळ किमतीत आहे का, जखडायचं सामान आहे का, छत किती वजन पेलतं, पोचवणं आणि जोडणं वेगळं आहे का, आणि दाराची कडी किंवा एखादा पत्रा खराब झाला तर सुटा भाग मिळतो का. या शेवटच्या प्रश्नावर विक्रेता चाचरला तर मी पुढे जातो. कारखान्याच्या खास मापाचा भाग बाजारात दुसरीकडे मिळत नाही, आणि एका मोडक्या दारापायी पूर्ण शेड निकामी होते.

कुलपाचंही बघून घ्या. कडी-कोयंडा बाहेरून साध्या स्क्रूने बसवलेला असेल तर कुलूप कितीही भारी असलं तरी पेचकसाने काम होतं. आरपार बोल्ट आणि आतून नट हवा.

पायरी ५: स्वतः बांधणार असाल तर

लागणारी कौशल्यं फार नाहीत: सरळ मापणं, सरळ कापणं, ओळंब्यात उभं करणं आणि शिडीवर न घाबरता काम करणं. लहान लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, त्यावर पत्र्याचं छत, एक दार एवढं काम मेहनती नवख्याला जमतं. पण त्याला वेळ लागतो. किट दोन माणसं एक-दोन दिवसांत उभं करतात. मुळापासून बांधायला नवख्याला सुट्टीचे कित्येक दिवस जातात, आणि मध्ये पाऊस आला तर अर्धवट सांगाडा भिजतो. दर आठवड्याला निश्चित वेळ काढता येणार नसेल तर बांधायला घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

बांधण्याचे फायदे मात्र खरे आहेत. माप तुमचं. विचित्र कोपरा, उतार, खिडकीखालची बुटकी जागा यांत ती बसते. भिंतीच्या सांगाड्यात हव्या तिथे आडव्या पट्ट्या घालता येतात, म्हणजे जड फळ्या थेट भिंतीला. आणि प्रत्येक भाग बाजारात मिळणारा असल्याने दहा वर्षांनीही दुरुस्ती होते.

काही गोष्टी पहिल्यांदाच नीट करा. लाकूड जमिनीपासून निदान सहा इंच वर राहू द्या. प्रक्रिया केलेलं लाकूड कापलं की कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध लावा, कारण औषध आत गाभ्यापर्यंत पोचलेलं असतंच असं नाही आणि ओल तोंडातूनच वर चढते. तांबं असलेल्या औषधाने साधे खिळे लवकर गंजतात, तेव्हा गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या. जमिनीसाठी १८ मिलिमीटरचा, पाण्यात टिकणारा प्लाय, खाली दर सोळा इंचांवर दांडा. छताला दर फुटामागे निदान दोन इंच उतार द्या आणि उतार दाराच्या उलट दिशेला ठेवा, नाहीतर पागोळ्या डोक्यावर पडतात.

पत्रा बसवण्याची सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून करा, म्हणजे प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि झड सांध्यात शिरत नाही. आडवा सांधा दीड पन्हळीचा, उभा सहा इंचांचा. पन्हळीच्या पत्र्यात स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारतात, खाचेत नाही, कारण पाणी खाचेतून वाहतं. रबरी वॉशर किंचित दबेपर्यंतच आवळा. तो बाहेर फुगून आला म्हणजे जास्त आवळलंय, आणि असा वॉशर उन्हात लवकर फाटतो.

पत्रा कापताना ग्राइंडर वापरू नका. कात्री किंवा पत्र्याची करवत घ्या. ग्राइंडरच्या ठिणग्या जवळच्या पत्र्यावरचा मुलामा जाळतात, आणि उडालेले लोखंडाचे कण छतावर चिकटून बसतात. पहिल्या पावसानंतर छतावर तांबूस ठिपके दिसले तर ते या कणांचे असतात. भोकं पाडल्यावर छत मऊ ब्रशने झाडून घ्या.

पायरी ६: मधला मार्ग

बांधणं आणि विकत घेणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे आणि नवख्यांसाठी मला हीच सर्वात योग्य वाटते. सांगाडा फॅब्रिकेटरकडून तुमच्या मापाने वेल्डिंग करून घ्या, आणि पत्रा, दार, आतल्या फळ्या स्वतः लावा. सर्वात अचूक लागणारं काम सरावलेल्या हाताने होतं आणि बाकीचं सावकाश करता येतं. वेल्डिंगच्या जागी मुलामा जळालेला असतो. तिथे तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा रंग लावून घ्या, पत्रा चढवण्याआधी. नंतर तिथे हात पोचत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे चांगलं किट घेऊन पाया आणि आतली मांडणी स्वतः करणं. पाया शिकायला सोपा आणि त्यात मेहनत जास्त, कौशल्य कमी. वापरलेली शेड मिळत असेल तर ती सुटी करून आणता येते, पण खालची पट्टी आणि कोपरे टोकदार पेचकसाने टोचून बघा. पेचकस आत घुसला तर लाकूड गेलेलं आहे. सोडवण्याआधी प्रत्येक भागावर आकडा लिहा आणि फोटो काढा.

पायरी ७: दोन्ही हिशेब पूर्ण मांडा

आता आकडे लिहा. तयार शेडच्या बाजूला: किंमत, पोचवणं, जोडणी, तळ नसेल तर तळ, जखडायचं सामान, पन्हाळ. बांधण्याच्या बाजूला: लाकूड किंवा लोखंड, पत्रा, स्क्रू, बिजागऱ्या, रंग, कापताना वाया जाणारं म्हणून दहा टक्के जास्त माल, आणि नसलेली हत्यारं. हत्यारं पुन्हा वापरणार असाल तर त्यांचा थोडाच भाग या कामावर टाका, नाहीतर भाडं लिहा. पाया दोन्ही बाजूंना लिहा. तो साधारण सारखाच येतो, आणि तो लिहिला की दोन्ही आकड्यांमधला फरक बराच कमी वाटायला लागतो. शेवटी तुमचे तास लिहा, त्यांना पैशांत मोजलं नाही तरी चालेल.

माझं मत मागाल तर असं: जागा सपाट आहे, माप नेहमीचं आहे, सामान हलकं आहे आणि वेळ कमी आहे, तर जाड पत्र्याचं चांगलं किट घ्या आणि वाचलेला सगळा वेळ पायावर लावा. जागा तिरकी किंवा उताराची आहे, भिंतीवर वजन टांगायचंय, किंवा वारा-पाऊस जोराचा आहे, तर बांधा किंवा सांगाडा करून घ्या. पैसे अगदीच कमी असतील तर सर्वात स्वस्त किट घेऊ नका. त्यापेक्षा शेड लहान करा आणि पत्रा जाड ठेवा. आणि फक्त पैसे वाचतील म्हणून बांधायला निघाला असाल तर पुन्हा हिशेब करा, कारण लहान मापात कारखान्याची शेड बऱ्याचदा माल सुटा विकत घेण्याइतक्याच पैशांत पडते.

उभी राहिल्यावर

पन्हाळ लावाच. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की २५० लिटर पाणी पायाच्या कडेला ओतलं जातं. ते पाइपाने पिंपात घ्या किंवा निदान सहा फूट लांब सोडा.

पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन आत जा, दार लावा आणि भिंतीच्या तळाशी, छताच्या सांध्यांपाशी आणि प्रत्येक स्क्रूखाली ओल बघा. ओल दिसेल तिथे खडूने खूण करा आणि पाऊस थांबून पत्रा सुकला की तेवढ्याच जागा भरा. जखडलेले बोल्ट वर्षातून एकदा, वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी, पान्याने आवळून घ्या.